जबड्याचा सांधा आणि चेहऱ्याची ठेवण

 

आजचा विषय आहे जबड्याचा सांधा. आपण गुडघ्याबद्दल बोलतो, मणक्याबद्दल बोलतो, खांदा आखडला की चारचौघांत सांगतो. जबड्याच्या सांध्याचं नाव मात्र तो दुखेपर्यंत कोणाच्या तोंडी येत नाही. बोलताना, जेवताना, जांभई देताना, रात्री दात खाताना तो दिवसभर राबत असतो.

हा विषय आजच घेण्याचं एक कारण आहे. आपल्यापैकी बरेचजण चाळिशीत दात सरळ करायला निघाले आहेत. आपल्या लहानपणी सांगली-सोलापूरला दातांना तारा बसवणं ही चैन होती. इथे मुलांना तारांसाठी नेलं की आईबाबाही हळूच विचारतात, "आमचं आता होईल का हो?" होतं, बऱ्याचदा होतं. त्याआधी काही ठिकाणी चेहऱ्याचा थ्रीडी एक्स-रे काढतात, ज्याला सीबीसीटी म्हणतात. मग हातात रिपोर्ट येतो आणि त्यात लिहिलेलं असतं: कॉन्डाइल लहान आहे, उजवा-डावा सारखा नाही, वरचा भाग चपटा झाला आहे. दात वाकडे म्हणून गेलेला माणूस सांधा खराब झाल्याची काळजी घेऊन घरी येतो.

तर अशा रिपोर्टचा अर्थ काय, सांध्याच्या आकाराचा आणि चेहऱ्याच्या हाडांचा संबंध काय, आणि त्यात काळजीचं काय, हे आज समजून घेऊ.

आधी सांधा हाताने ओळखू या. गाडी चालवत असाल तर हे घरी गेल्यावर करा. दोन्ही तर्जन्या दोन्ही कानांच्या भोकांच्या अगदी पुढे, कानशिलाच्या खाली ठेवा. आता सावकाश तोंड उघडा. बोटांखाली काहीतरी फिरलं आणि मग पुढे सरकलं, जाणवलं? ते खालच्या जबड्याच्या हाडाचं डोकं. त्यालाच कॉन्डाइल म्हणतात. मोठ्या माणसात ते आडवं १५ ते २० मिलिमीटर रुंद आणि पुढून मागे जेमतेम ८ ते १० मिलिमीटर असतं. एखाद्या मोठ्या शेंगदाण्याएवढं म्हणा ना.

हे डोकं कवटीच्या हाडातल्या एका खोबणीत बसतं. खोबणीच्या पुढच्या कडेला एक उंचवटा असतो. डोकं आणि खोबण यांच्यामध्ये एक लवचीक चकती असते. तोंड थोडंसं उघडताना डोकं जागच्या जागी फिरतं. मोठा आ केला की ते चकतीसकट त्या उंचवट्यावरून पुढे घसरतं आणि तोंड मिटताना परत मागे येतं. कोपर किंवा गुडघा असा घसरत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे डावा आणि उजवा सांधा एकाच हाडाच्या दोन टोकांना आहेत, त्यामुळे एक हलला की दुसऱ्याला हलावंच लागतं. म्हणून एका बाजूचं दुखणं बरेचदा दुसऱ्या बाजूलाही जाणवतं.

आता चेहऱ्याकडे येऊ. आपण म्हणतो, "याची हनुवटी मागे आहे", "हिचा खालचा जबडा पुढे आहे", "त्यांच्याकडे सगळ्यांचे चेहरे लांबट". दातांचे डॉक्टर हेच मोजून सांगतात. १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी डोकं ठरावीक जागी धरून बाजूने एक्स-रे काढण्याची पद्धत आणली आणि चेहऱ्याची हाडं मोजता येऊ लागली. नाकाच्या मुळाशी एक बिंदू घ्यायचा, तिथून एक रेघ वरच्या जबड्याच्या पुढच्या भागाकडे आणि एक खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाकडे काढायची. त्या दोन रेघांतला कोन साधारण २ अंश असतो. तो ४ च्या वर गेला तर खालचा जबडा मागे, म्हणजे दुसरा वर्ग. शून्याच्या खाली गेला तर खालचा जबडा पुढे, म्हणजे तिसरा वर्ग. मधला तो पहिला. याशिवाय उंचीचाही हिशेब असतो, तो म्हणजे लांबट चेहरा की आखूड, रुंद चेहरा.

या ठेवणीचा सांध्याशी संबंध असतो का? असतो, आणि त्याचं मूळ आपल्या वाढीत आहे.

जन्मलेल्या बाळाच्या सांध्यात तो पुढचा उंचवटा जवळजवळ नसतोच, खोबण सपाट असते. बाळ दूध ओढतं, चावत नाही. दात येतात, चावणं सुरू होतं, तसतसा उंचवटा आकार घेतो. जबड्याच्या डोक्यावर कूर्चेचा थर असतो आणि त्या भागातली वाढ किशोरवयात, काहींची विशीपर्यंत, चालू राहते. डेन्मार्कचे आर्ने ब्यॉर्क यांनी मुलांच्या जबड्यांत धातूच्या बारीक खुणा बसवून वर्षानुवर्षं एक्स-रे काढले. त्यातून दिसलं की डोकं वर आणि पुढच्या दिशेने वाढलं तर खालचा जबडा पुढे वळतो आणि चेहरा आखूड, भरीव होतो. डोक्याची वाढ मागच्या दिशेने झाली तर जबडा खाली-मागे वळतो आणि चेहरा लांबट होतो. १९६९ मध्ये त्यांनी जबडा कसा वळत वाढला हे ओळखण्याच्या सात खुणा सांगितल्या. त्यातली पहिलीच खूण म्हणजे सांध्याच्या डोक्याचा कल.

याचा सगळ्यात ठळक पुरावा आपल्याकडच्या सरकारी दंत महाविद्यालयांत आणि मोठ्या रुग्णालयांत पाहायला मिळतो. लहान मूल पडतं, हनुवटीवर आपटतं. थोडं खरचटतं, दोन टाके पडतात, घरचे विसरून जातात. पण तो मार हाडातून थेट सांध्यापर्यंत गेलेला असतो. तिथे हाड मोडलं, रक्त साकळलं आणि तोंड पुरेसं हललं नाही, तर हळूहळू डोकं आणि खोबण एकमेकांना चिकटून सांधा गोठतो. कानाच्या जुन्या जंतुसंसर्गानेही असं होऊ शकतं. मुलाचं तोंड उघडेनासं होतं. एवढंच नाही, त्या बाजूची वाढ खुंटते आणि हनुवटी दुखावलेल्या बाजूकडे वळते. दोन्ही सांधे गेले तर हनुवटी इतकी मागे राहते की झोपेत श्वासाला अडथळा होतो. शेंगदाण्याएवढ्या हाडाचं वाढणं थांबलं आणि सगळा चेहरा बदलला.

म्हणून आईबाबांना आणि आजी-आजोबांना एक विनंती. आपल्याकडे हिवाळ्यात ड्राइव्हवेवर बर्फ असतो, मुलं स्लेडवरून घसरतात, उन्हाळ्यात डीन पार्कमध्ये झोक्यावरून पडतात. मूल हनुवटीवर पडलं आणि नंतर तोंड नीट उघडत नसेल, उघडताना हनुवटी एका बाजूला जात असेल, दात पूर्वीसारखे मिळत नसतील किंवा कानापुढे दुखत असेल, तर टाके घालून झाल्यावरही सांध्याची तपासणी मागून घ्या.

आता मोठ्यांकडे वळू. वाढ पूर्ण झालेल्या माणसांच्या सांध्यांचे थ्रीडी एक्स-रे घेऊन बरेच अभ्यास झाले आहेत. त्यांतून सरासरीने असं दिसतं: लांबट चेहऱ्याच्या माणसांत सांध्याचं डोकं लहान असतं, आखूड-रुंद चेहऱ्यात ते भरीव असतं. खालचा जबडा पुढे असणाऱ्यांत पुढचा उंचवटा कमी चढाचा आणि खोबण उथळ असण्याकडे कल असतो. खालचा जबडा मागे आणि चेहराही लांबट असेल, तर चकती जागेवरून सरकण्याचं आणि सांधा झिजण्याचं प्रमाण जास्त दिसतं.

यामागे चावण्याच्या जोराचाही हात आहे. रुंद चेहऱ्याच्या माणसांत चावण्याचे स्नायू सहसा जाड असतात आणि सांध्यावर भारही जास्त येतो. हाड भाराप्रमाणे घडतं. १९७९ मध्ये हिंटन आणि कार्लसन यांनी नाइल नदीकाठच्या न्युबियातल्या जुन्या कवट्या तपासल्या. शिकारीकडून शेतीकडे येताना तिथल्या लोकांचे जबड्याचे सांधे पिढ्यांमागून पिढ्या लहान होत गेले होते. आपल्या जवळच, हार्वर्डमध्ये, डॅनियल लीबरमन यांच्या गटाने हायरॅक्स नावाचे सशाएवढे प्राणी पाळले, काहींना शिजवलेलं मऊ अन्न दिलं आणि काहींना कच्चं, वाळलेलं. २००४ मध्ये त्यांनी मांडलं की मऊ अन्नावर वाढलेल्यांच्या चेहऱ्याचा खालचा आणि मागचा भाग सुमारे १० टक्के कमी वाढला. भाकरी, ऊस, भाजलेले दाणे यांनी मुलाचा जबडा घडतो असं घरातली मोठी माणसं म्हणत आली, त्यात काही तथ्य आहे. पण ते वाढत्या वयाबद्दल आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी ऊस सोलून हनुवटी पुढे येणार नाही, झालाच तर सांधा दुखेल.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, बार्ली पिकवणारी वस्ती उजेडात आणली. तिथल्या माणसांच्या हाडांचा आणि दातांचा अभ्यास लुकाक्स आणि वाळिंबे यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. दातांची झीज, कीड, जबड्याची बांधणी यांवरून माणसं काय खात होती हे वाचता येतं. पण तिथे पुरलेल्यांत मुलंच फार होती, आणि मुलाचा सांधा अजून घडत असतो. आकार आणि ठेवण यांचं नातं पूर्ण झालेलं पाहायचं तर प्रौढ माणूसच तपासावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. ही सगळी सरासरीची भाषा आहे. लांबट चेहऱ्याच्या शंभर माणसांची सरासरी आणि रुंद चेहऱ्याच्या शंभर माणसांची सरासरी वेगळी येते, पण दोन्ही गटांतली कितीतरी माणसं एकमेकांसारखी असतात. नुसत्या सांध्याच्या चित्रावरून चेहरा ओळखता येत नाही, आणि चेहऱ्यावरून सांधाही नाही. डावं-उजवं थोडं वेगळं असणं तर सगळ्यांतच असतं. आरशात बघा, दोन भुवया तरी सारख्या असतात का?

दुसरं असं की आकार आणि दुखणं एक नव्हे. साठीच्या पुढच्या कितीतरी लोकांच्या सांध्याचं डोकं चपटं झालेलं असतं आणि त्यांना काहीच त्रास नसतो. तोंड उघडताना कट्ट आवाज येतो, पण दुखत नाही आणि अडकत नाही, अशी माणसं भरपूर आहेत. त्यांना उपचारांची गरज नसते. उलट, सांध्याचं चित्र अगदी सुरेख असूनही चावण्याच्या स्नायूंत कायम ठणका असलेले लोक असतात. म्हणूनच २०१४ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषांत आधी माणसाला विचारणं आणि हाताने तपासणं येतं. चित्र त्याच्या जोडीला, गरज असेल तेव्हा.

आकारावरून दुखणं ठरवण्याची घाई पूर्वी महागात पडली आहे. १९३४ मध्ये सेंट लुइसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर कॉस्टेन यांनी मांडलं की दाढा पडल्या की सांध्याचं डोकं मागे सरकून नसा दाबतं, आणि त्यातून कान दुखणं, चक्कर, सगळं होतं. त्यांचं शरीररचनेचं गणित पुढे चुकीचं ठरलं, पण तोपर्यंत दातांची उंची वाढवण्याचे उपचार रूढ झाले होते. १९८० च्या दशकात सरकलेल्या चकतीच्या जागी टेफ्लॉनच्या कृत्रिम चकत्या बसवल्या गेल्या. त्या झिजल्या, कण पसरले, आसपासचं हाड खाल्लं गेलं. १९९१ मध्ये एफडीएने त्या परत घ्यायला लावल्या. ज्यांना त्या बसवल्या होत्या त्यांतल्या अनेकांना पुढे शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया कराव्या लागल्या.

मग रिपोर्ट बघायचा कशासाठी? आपल्याला विचारायचा प्रश्न असा: हा आकार माझा पहिल्यापासूनचा आहे, की तो आता बदलतो आहे? पहिल्यापासूनचा असेल तर ती तुमची ठेवण, जसं नाक किंवा उंची. मोठ्या माणसात आकार नव्याने बदलत असेल, तर त्याचं कारण शोधायला हवं.

हे घरच्या घरी कसं ओळखाल? लग्नाचा अल्बम काढा. समोरून हसतानाचा एक फोटो आणि बाजूने एक फोटो घ्या, आणि आजचे फोटो शेजारी ठेवा. पुढच्या चार गोष्टी दिसल्या किंवा जाणवल्या, तर वाट पाहू नका.

पहिली: पूर्वी पुढचे दात मिळायचे, आता मिळत नाहीत. पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येत नाही, हनुवटी मागे जात चालली आहे. यात सांध्याचं डोकं झिजून उंची कमी होत असू शकते. तरुण स्त्रियांत हे जास्त दिसतं. संधिवातही यामागे असतो, तेव्हा बोटांचे सांधे सकाळी आखडतात का तेही डॉक्टरांना सांगा.

दुसरी: हनुवटी एका बाजूला सरकत चालली आहे. एका बाजूचं डोकं वय होऊनही वाढतच राहिलं तर असं होतं. वाढ चालू आहे की थांबली, हे कळल्याशिवाय तारा किंवा शस्त्रक्रिया ठरवता येत नाही.

तिसरी: खालचा जबडा पुढे येतोय, दातांत फटी पडताहेत, आणि सोबत अंगठी घट्ट होते, बुटाचा नंबर वाढतो. ही वाढीच्या संप्रेरकाची, म्हणजे ग्रोथ हॉर्मोनची गडबड असू शकते. इथे दंतवैद्याआधी तुमचा फॅमिली डॉक्टर हवा.

चौथी: तोंडच कमी उघडतं. आपलीच मधली तीन बोटं उभी, एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. साधारण ४० मिलिमीटर उघडायला हवं, तीन बोटं सहसा मावतात. मावत नसतील तर सांधा कारण असू शकतो. पण आपल्या लोकांत आणखी एक कारण आहे, ते म्हणजे सुपारी. तंबाखू नसलेली, सुगंधी, बडीशेपेबरोबरचीसुद्धा. रोजच्या सुपारीने गालाच्या आतली कातडी पांढरट, ताठ होत जाते, तिखट झोंबतं आणि तोंड आखडत जातं. ही कर्करोगापूर्वीची अवस्था आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी सुटकेसमधून इथपर्यंत येते. इथल्या दंतवैद्याला ही सवय विचारायचं सुचेलच असं नाही. तेव्हा भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांना घेऊन गेलात तर आपणहून सांगा.

यातलं काही नसेल आणि नुसतं दुखत असेल तर? तुम्ही एकटे नाही. या देशात या सांध्याच्या भागातल्या दुखण्याने ग्रासलेल्या प्रौढांचा अंदाज १ कोटी १० ते २० लाखांचा आहे, आणि स्त्रियांत हे पुरुषांच्या दुप्पट दिसतं. बहुतेकांना साधे उपाय पुरतात. काही दिवस मऊ जेवण, भात-वरण, खिचडी. च्युइंगगम बंद. शेक. जांभई देताना हनुवटीखाली मूठ. आणि दिवसभरात स्वतःला विचारत राहा, "माझे वरचे-खालचे दात आत्ता टेकलेत का?" ओठ मिटलेले, दात सुटलेले, जीभ सैल, ही जबड्याची विश्रांती. संगणकासमोर बसणाऱ्यांनी हे स्क्रीनच्या कोपऱ्यात चिकटवून ठेवावं. जुनाट दुखण्यासाठी २०२३ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकाने दिलेल्या मार्गदर्शनात देखरेखीखालचे व्यायाम, हाताने केलेली फिजिओथेरपी आणि मनावरचा ताण हाताळण्याची थेरपी यांना वरचं स्थान आहे. दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या उपचारांविरुद्ध त्यात स्पष्ट इशारा आहे.

आणि तुम्ही तारा, अलायनर किंवा जबड्याची शस्त्रक्रिया करणार असाल तर खुर्चीत बसण्याआधी हे प्रश्न विचारा. हे मी दिसण्यासाठी करतोय, चावण्यासाठी, की दुखणं जाण्यासाठी? नुसतं दुखणं जाण्यासाठी म्हणून तारा लावत असाल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. माझा सांधा स्थिर आहे का, आणि हे कशावरून म्हणता? जुने एक्स-रे असतील तर त्यांच्याशी तुलना केली का? नसतील तर काही महिने थांबून पुन्हा पाहता येईल का? झिजत चाललेल्या सांध्यावर शस्त्रक्रिया करून पुढे आणलेला जबडा परत मागे जाऊ शकतो, म्हणून हे विचारणं महत्त्वाचं. आणि शेवटचा, आपला जिव्हाळ्याचा: हे हेल्थ इन्शुरन्समध्ये बसतं की डेंटलमध्ये? हा सांधा नेमका त्या दोघांच्या मधल्या फटीत आहे. उत्तर लेखी घ्या.

२०२० पासून इथे तोंड-चेहऱ्याच्या वेदनांवरचे दंतवैद्य, म्हणजे ओरोफेशियल पेन तज्ज्ञ, ही वेगळी मान्यताप्राप्त शाखा झाली आहे. बॉस्टनला टफ्ट्सच्या दंत महाविद्यालयात आणि मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये असे विभाग आहेत. श्रूजबरीहून तासाभराचा रस्ता. दुखणं तीन महिन्यांहून जास्त रेंगाळलं असेल तर तुमच्या डॉक्टरांकडे रेफरल मागा.

हे भाषण म्हणजे तपासणी नव्हे, हे लक्षात ठेवा. पण पुढच्या वेळी रिपोर्टमध्ये "कॉन्डाइल लहान" असं वाचलंत, तर आधी आरशात बघा, मग अल्बम काढा, तीन बोटं घालून बघा, आणि मगच ठरवा काळजी करायची की जेवायला बसायचं.

आज इथेच थांबू. सावकाश चावा, बर्फावरून जपून चाला. नमस्कार.